गळती

पहिल्या आवृत्तीत एकेचाळीस प्रश्न होते,
कॉलेज रोडला एसीत बसून काढलेले.
प्रश्न सातवा : घरी इंटरनेट आहे का?
हो. नाही. सांगता येत नाही.
पेठ रोडच्या वस्तीत, समाजमंदिराच्या ओट्यावर
सुगंधा भोये म्हणाली,
"आहे ना. नऊनंतर."

नऊनंतर असा रकाना नव्हता.

नऊनंतर म्हणजे वडील अंबडहून सुटून आल्यावर,
जेवून त्यांना डुलकी लागल्यावर,
आणि धाकट्याने कार्टून सोडलं तर.
मग दीड जीबीतलं उरलंसुरलं.
मी समासात बारीक अक्षरात लिहिलं : नऊनंतर.
त्या आठवड्यात माझे समास भरत गेले,
चौकटी तशाच राहिल्या.

प्रज्योत गांगुर्डे, वय सतरा, नववी.
'कौशल्य' या शब्दापुढे त्याने लिहिलं, काही नाही.
मग माझा बंद पडलेला टॅब मागून घेतला,
खिशातल्या पिनेने कडेचा मळ काढला,
फुंकर मारली, चालू करून परत दिला.
शालिमारला दुकानात बसतो म्हणे, संध्याकाळी.
"त्याला कौशल्य कसं म्हणणार मॅडम?
ते तर काम आहे."

सुगंधा संक्रांतीपासून दिंडोरीकडे जाते,
द्राक्षांच्या पॅकिंगला.
तिने बोटातली कडी काढून दाखवली,
अठरा मिलिमीटर.
"मणी कडीतून गेला तर लोकल, अडकला तर परदेश."
तीन रात्री जागून मी 'अट आणि निर्णय' हा धडा लिहिला होता,
बावीस पानं,
त्यात एक मुलगा छत्री घेऊ की नको म्हणून
दारात उभा होता.
त्याला मी हळूच फायलीखाली सरकवलं.
"आणि घड अर्धा जाणारा, अर्धा अडकणारा निघाला तर?"
ती बघत राहिली माझ्याकडे,
एवढी शिकलेली बाई, आणि.
"मग कात्री."

तरी वर्ग भरला तो सकाळी अकराला,
कारण अकरा आम्हाला बरे पडत.
नावं चाळीस, लॅपटॉप सहा, पहिल्या दिवशी पेढे.
महिनाअखेर डोकी अकरा.
पुण्याहून मेल आला :
गळती किती टक्के? कारणे तीन ओळींत.

तो शब्द घेऊन मी पायरीवर बसले.
समोर नळाच्या जोडातून पाणी ठिबकत होतं,
वर्षानुवर्षं ठिबकत असावं, दगडाला खळगा पडलेला.
खाली हंडा.
तो भरत आला की कोणीतरी येई,
बोलणं न तोडता दुसरा सरकवी.
टक्के कोणी काढत नव्हतं.
कुठे गळतं ते ठाऊक होतं,
भांडं तिथेच होतं.

आमचं भांडं अकराच्या खाली होतं.

आता मुलांचा वर्ग रात्री साडेनऊला.
मुलींना त्या वेळी कोण सोडणार,
त्यांचा पहाटे साडेपाचला, टेम्पो यायच्या आत.
चावी भजनी मंडळाच्या ताराबाईंकडे असते
आणि त्या उठवल्याशिवाय उठत नाहीत.
दोन लॅपटॉप बिघडलेत.
प्रज्योत आलाच नाही; दुकान आता दिवसभराचं झालंय.
तो शिकायला नाही, शिकवायला येईल का,
हे विचारायचंय,
पण बजेटमध्ये त्याच्या नावाची ओळ नाही
आणि ती कुठल्या शीर्षकाखाली घालायची
हे मला अजून सुचलेलं नाही.

काल सुगंधाने पडद्यावर पहिली अट लिहिली.
मराठीत, जोडाक्षरं चुकवत.
खाली तिसरी शक्यताही घातली,
न विचारता.

तिसऱ्या आवृत्तीत प्रश्न सतरा आहेत.
समास रुंद ठेवलाय.